आई येऊन गेली असे सांगितले

८ नोव्हेंबर, शनिवार
भंडारा. बाबांना दवाखान्यात आणून आज तिसरा दिवस. आईची तेरवी बुधवारी झाली. गुरुवारी सकाळी चहा पिता पिता बाबा खाली पडले. डाव्या अंगाला लकवा. बोलणे शाबूत आहे, पण कालपासून भ्रमात आहेत. सलाइनकडे बघून ओरडत होते, "बांधीत पानी कोनं सोडलं? धान कापाले आला ना!" मी तासभर समजावले की हे शेत नाही, दवाखाना आहे. ऐकेनात. सिस्टर (सि.) आल्या. "मीच सोडलं बाबाजी. करते बंद थोड्या वेळानं." लगेच गप्प.

९ नोव्हेंबर, रविवार
डॉ. म्हणाले, हे वेड नाही. मेंदूला धक्का बसला की असे होते, बहुतेकांचे उतरते. लघवीत जंतू निघाले, त्यानेही वाढते म्हणाले. औषध सुरू.
सि.नी मला कामे लावून दिली. चष्मा घालायचा. दिवसा खिडकी उघडी. सोबतचा माणूस बदलायचा नाही. हात बांधायचे नाहीत, धरून बसायचे. जवळ गेलो की दर वेळी सांगायचे, मी कोण, हे गाव कोणते, आज वार कोणता.
चष्मा घातला. बाबांनी माझ्याकडे नीट पाहिले. मग डोक्याकडे.
"मुंडन काऊन केलं गा? कोन गेलं?"
वार सांगितला. भंडारा सांगितले. पुन्हा तेच. शेवटी सांगितले, आई गेली.
जणू पहिल्यांदाच ऐकले. बाजूच्या खाटेवरचे लोक उठून आले.

१० नोव्हेंबर, सोमवार
सकाळी चष्मा, मग डोके, मग प्रश्न. दुपारी परत. संध्याकाळी परत. एका दिवसात तीनदा आई गेली. तिन्ही वेळा म्हणाले, "मले काऊन नाही सांगितलं?" चिता पेटली तेव्हा माझ्या शेजारीच उभे होते. हे कसे सांगायचे.
तिसऱ्या वेळी सलाइन ओढून काढली. रक्त.
सि. म्हणाल्या, "पहिले डोकं झाका, दादा." खोटे बोलू का, विचारले. म्हणाल्या, खोटे नको, खरे सारखे सारखेही नको. आईबद्दल बोला. कशी होती, काय रांधायची. माणूस आठवणीनेही शांत होतो.
मला एवढे बोलता येत नाही. आईशीही कधी

११ नोव्हेंबर, मंगळवार
डोक्याला रुमाल बांधला. बाबा बराच वेळ पाहत राहिले. "कोनत्या पार्टीचा हायेस गा तू?" शेजारच्या रुग्णाचा भाऊ हसला. मलाही हसू आले.
आईच्या लाखोरी डाळीच्या वड्यांचे बोललो. बाबा म्हणाले, मीठ नेहमी जास्त. तासभर बरा गेला. मग, "कोठी हाये ते? बलाव तिले." खाटेवरून उतरायला लागले. डावा पाय चालत नाही हे त्यांना कळत नाही. सि. दुसऱ्या टोकाला होत्या.
म्हणालो, तुम्ही झोपले होते तेव्हा आई येऊन गेली.
लगेच पडून राहिले. जेवलेही. सि.ना सांगितले नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
लघवीची नळी काढली. ताप नाही. सलग सहा तास झोपले. हात धरावा लागला नाही. आईचे नाव काढले नाही. मीही नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
डॉ.नी विचारले. नाव, गाव, महिना, वार. सगळे बरोबर. भ्रम उतरला म्हणाले, सोमवारी सुट्टी. सौ.चा फोन होता. बाबांची खाट समोरच्या खोलीत टाकू का, तिथे आईचा फोटो आहे, हार घातलेला. सांगतो म्हणालो.
डॉ. गेल्यावर बाबांनी जवळ बोलावले. आवाज अगदी पहिल्यासारखा.
"तुही माय एवढ्या दूर आली अन् मले न उठवता गेली. घरी चाल, विचारतो तिले."
बाहेर जाऊन सि.ना सगळे सांगितले. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, घरी गेल्यावर नका सांगू, इथेच सांगा, मी बाजूला उभी राहते. उद्या सकाळची ड्यूटी आहे माझी.
हो म्हणालो. परत आलो तर बाबा केस विंचरून मागत होते.