अळंबीचे पापड

मामंजी,

अळंबीची पूड घातलेले पापड दाखवायला सकाळच्या एसटीने जयसिंगपूरला जाते आहे. दुकानदाराने विचारलं होतं, ‘तुमच्या घरी खातात का? तरच ठेवतो.’ आत्यांनी तर ‘ही कुत्र्याची छत्री ह्या घरात कोण खाणार न्हाय’ असं बजावलेलं, म्हणून मला घोर होता. पण काल परसात आत्याच शेजारच्या शेवंताबाईंना सांगत होत्या, ‘आमच्या सुनेचं पापड हाय. मी चार खाल्लं, काय झालं न्हाय. तू बी घे की.’

आता दुकानदाराला खरं तेच सांगेन.

न्हाणीतल्या अळंबीच्या पिशव्यांवर दुपारी पाणी नुसतं शिंपडा, ओतू नका. मी ऐकलं हे आत्यांना कळू देऊ नका. डब्यात आणखी पापड ठेवलेत, ते मोजू नका.

रत्नमाला