हळू बोलणारा मुलगा

गुरुवार, संध्याकाळ

मच्छेत घरी करंट गेलेला, म्हणून लॅपटॉप घेऊन टिळकवाडीतल्या कॉफीच्या दुकानात बसलो. हेडफोन घरीच राहिले. पुण्याच्या साहेबांची मीटिंग सगळ्या दुकानाला ऐकू जात होती, आणि मला त्याचं भानच न्हाय.

शेजारच्या टेबलावरची मुलगी उठून आली. "अण्णा, जरा आवाज कमी कराल? लग्नाचं ठरवायला आम्ही पहिल्यांदाच भेटलोय. तो लई हळू बोलतोय, काय ऐकूच येत न्हाय."

तो मुलगा मान खाली घालून कपात चमचा फिरवत होता. कसली लाज वाटली मला! "बाहेर जातो, मग बोलतो," असं साहेबांना सांगून टाकलं. साहेब चिडले. चिडू देत. बाहेर पायरीवर बसून काम उरकलं.

काचेतून दिसत होतं. आधी तीच बोलत होती. मग चमचा बाजूला ठेवून तो बोलायला लागला, आणि बोलतच राहिला.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "अण्णा, आत बसा की आता." जमलं का, हे विचारायचं ओठावर आलेलं. पण असं विचारतात होय?

तेवढ्यात तिनं स्कूटर चालू केली. "चल रं, सांबऱ्याला सोडते तुला."

पहिल्याच भेटीत 'रं'! मच्छे येईपर्यंत एकटाच हसत होतो.