घेणाऱ्याची बाजू

प्रिय बारक्या,

तुझं पत्र मिळालं. वर शिव्या आणि अगदी खाली, कोपऱ्यात, एक विनंती. सख्ख्या बहिणीने गळा कापला म्हणतोस. विनंतीचं बघतेच, पण आधी माझं पूर्ण ऐकून घे. लहानपणापासून तू माझं अर्धवटच ऐकतोस.

त्या दिवशी तुझ्या दारात उभं राहून मी पहिलं काय बोलले ते आठव. शाळेतल्या या बाई माझ्या गिऱ्हाईक आहेत, मी त्यांच्या बाजूने घर बघायला आलेय, असं सरळ सांगितलं होतं. बाई गॅलरीत गेल्या आणि तू हसून म्हणालास, ताई, माझ्यासमोर कसली नाटकं करतेस. मग कपाट सरकवून मागची ओल दाखवलीस, वरून रंगाचा हात मारतो, बोलू नकोस म्हणालास. कप विसळता विसळता तेही सांगून टाकलंस, की घटस्फोटात कोर्टाने घर विकायला महिनाअखेरची मुदत दिलीय, नाहीतर लिलाव, त्यामुळे कुणी निम्म्यात मागितलं तरी देऊन मोकळा होईन. ताईला सांगतोय असं तुला वाटत होतं.

गाडीत बसल्या बसल्या मी बाईंना सगळं सांगितलं. ओल, मुदत, निम्मं. ज्याचं काम घेतलं त्याच्यापासून काही लपवायचं नाही, हे मला कुणी शिकवलं रे? घरांच्या दलालीत मी नवीन होते तेव्हा ऑफिसात शेजारी बसवून तूच पढवलंस. बाईंनी निम्म्यात मागितलं तेव्हा मी तिथेच होते, खाली मान घालून. लाज वाटत होती म्हणून नाही, हसू येत होतं म्हणून.

आई तर तुझीच गिऱ्हाईक होती. आपलं वरच्या मजल्यावरचं घर विकायला तिने विश्वासाने तुझ्याकडे दिलं. तिला आता जिने चढवत नाहीत, मिळेल त्यात हो म्हणेल, हे घेणाऱ्याच्या कानात तू सांगितलंस, कारण तो तुझा मित्र. आलेल्या पैशांत तिला तळमजल्यावर साधी खोलीसुद्धा मिळेना. मग माझा हॉल, दाराजवळ घडीची खाट. खाट आखूड, तिचे पाय बाहेर यायचे. तू आलास की ती धडपडत उठून बसायची, तुला ते दिसू नये म्हणून. माझ्या लेकाने घराला चांगला भाव मिळवून दिला, असं मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मी भांडले तर तू म्हणालास, धंद्यात नाती आणायची नसतात. बघ, नाही आणली.

आता तुझ्या विनंतीचं. चावी दिल्यावर दुसरी सोय होईपर्यंत माझ्याकडे राहू का, असं विचारलंयस. ये की, मी काय परकी आहे? खाट मी मोडीत दिलेली नाही. जागाही तीच आहे, दाराजवळ. तू आईपेक्षा चांगला उंच, तेव्हा पाय जरा जास्तच बाहेर येतील. फक्त कुणी भेटायला आलं की उठून बसायचं, आणि बहिणीने घराला चांगला भाव मिळवून दिला असं सांगायचं.

तुझीच,
ताई