गोपालची मावसबहीण

प्रिय रोहित,

तुझ्या कार्टूनचा सातवा भाग मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पाहिला. भावना मॅडमनी मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता आणि आम्ही पाचजणी डबे उघडून बसलो होतो. फुलांच्या दुकानावरची खोली, जाड चष्म्यांची चार पोरं, पाठीवर पडद्यांचे झगे आणि मधल्या परातीत टणटणणारा वीस बाजूंचा फासा. चिवड्याच्या तेलकट हातानं फासा उचलणारा तो जाडा पाहून मी इतकी हसले, की भावना मॅडम म्हणाल्या, "दामिनी, ओळखीचा आहे की काय तुमच्या?" मी म्हटलं, नाही हो. पण गोपाल तू हुबेहूब काढलास आणि मला त्याचा अभिमान वाटला, हे आधी सांगून टाकते.

हसण्यासारखे आपण होतोच. अमरावतीत तेव्हा हा खेळ माहीत कोणाला होता? गोपालच्या बाबांना वाटायचं, आपण वर पत्ते कुटतो. एका रविवारी नत्थुजी शेवंतीच्या टोपल्या ठेवायला वर आले आणि दारातच थबकले. गोपालनं समजावलं, "बाबा, हे दामिनी गोष्ट सांगते. आमी तिघं तिच्यातले मानसं. तलवार लागली का नाई लागली, ते फासा सांगते." नत्थुजींनी जरा विचार केला. "म्हंजे कीर्तनच व्हय," ते म्हणाले, "फक्त बुवाच्या जागी बाई हाय." तुमच्यातला तिसरा, शिवम, हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला होता. त्यानंतर दर रविवारी खालून हाक यायची, "काहो बुवा, आज कोन मेलं?"

कार्टूनमध्ये टेबलाच्या टोकाशी तुझ्या चेहऱ्याचा मुलगा बसलाय. गोष्ट तो सांगतो. "मे महिन्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात. भेगेत हात घालू नका. खालची माणसं धरतात." हे मला दर्यापूरला आमच्या वावरात सुचलं होतं आणि मी ते बसच्या तिकिटामागे लिहून आणलं होतं. बंद पडूनही मूर्तिजापूरहून रोज सुटणारी ती छोटी आगगाडी, तिच्यातून येणारे बिनसावलीचे प्रवासी, तेही माझेच. ते तू घेतलंस, याचं मला फार नाही वाटलं. आपलं म्हणून घेतलं असशील. मग दार उघडतं आणि एक मुलगी त्याच परातीसारख्या परातीत चहा घेऊन येते. चौघांना घाम फुटतो, एक जण पडद्यात शिरतो. ती म्हणते, "काहून रे, लगनं नाई झाले का अजून तुमचे?" आणि निघून जाते. स्टाफरूममध्ये टाळ्या पडल्या. अशा कार्टूनांत हे ठरलेलंच असतं, मला कळतं. फासे टाकणाऱ्या पोरांना मुलींशी बोलता येत नाही आणि मुलींना फाशातलं काही कळत नाही. लोकांना ते पटतं म्हणून हसू येतं. पण तुम्ही चार नव्हतात, रोहित. तीन होतात.

एका रविवारी तुझ्या आई, पार्बताबाई, न सांगता जिन्यावर आल्या. त्यांना पूजेची फुलं हवी होती आणि खाली नत्थुजींनी कौतुकानं सांगितलं होतं, तुमचा पोरगा वरच हाय. दाराशी येऊन त्यांनी तुम्हा तिघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे पोट्टी कोनाची व्हय रे?" दिवाळीनंतर घरी आपल्याबद्दल सांगतो, असं तू मला आदल्याच आठवड्यात म्हणाला होतास, हॉस्टेलच्या फाटकाशी. तू म्हणालास, "गोपालची मावसबहीण व्हय, आई. चहा घेऊन आली." खोलीत चहा नव्हता. मीच उठले, परातीतले फासे मुठीत घेतले, ती रिकामी परात घेऊन खाली गेले आणि कोपऱ्यावरच्या टपरीतून पाच कप आणले. तू मला उठायला सांगितलं नव्हतंस, हे मी तुझ्या बाजूनं कितीदा तरी स्वतःला सांगितलंय. आईंनी माझ्या हातचा चहा घेतला आणि म्हणाल्या, "गुनाची हाय पोरगी. गोपाल, हिच्यासाठी कुठं पायलं का नाई? आमच्या चांदूर रेल्वेले एक पोरगा हाय, बँकेत." तू हसलास. त्या गेल्यावर गोपाल ओरडला, "अबे, मले मावशीच नाई तं मावसबहीन कुठून आनली तू?" आणि मग आपण सगळेच हसलो. मीसुद्धा.

पुढे ते हसण्यावारी नेता आलं नाही. ज्या मुलीसाठी आईंनी स्थळ सुचवलं, तिला कोणत्या तोंडानं घरी आणायचं, असं तू म्हणायचास. थोडं थांब, आई विसरेल. मी अकरा महिने थांबले. त्या विसरल्या की नाही, कोण जाणे. तू पुण्याला गेलास. शिवमला नोकरी लागली, गोपालनं दुकान घेतलं अंगावर, मी अकोल्याला आले. लग्न केलं नाही. त्याचं कारण तू आहेस असं समजू नकोस, किंवा समज, आता त्यानं काही बिघडत नाही. तुझ्यावर रागावताना मला नेहमी वाटायचं, हा मुलगा भित्रा आहे, पण खरं काय ते त्याला माहीत आहे. जगात निदान एका माणसाला माहीत आहे, की त्या टेबलाच्या टोकाशी कोण बसायचं. एवढ्यावर आठ वर्षं बरी गेली.

मंगळवारी तुझ्या स्टुडिओतून अपेक्षा नावाच्या मुलीचा फोन आला. फार गोड बोलली. चहावाल्या मुलीचं काम पुढच्या भागांत वाढणार आहे, तिचं लग्न दाखवायचंय, आवाज अस्सल वऱ्हाडी हवा. "रोहित सर म्हणाले, अकोल्याला गोपालदादांच्या मावसबहीण असतात. त्याच तेव्हा चहा आणून द्यायच्या. तुम्हीच ना मॅडम?" तिच्यापाशी तुला कशाची भीती होती? तिथे जिन्यावर आई नव्हत्या. तू अजून लपवतोयस, की तुला आता खरंच तसं आठवतं, हे मी चार दिवस स्वतःला विचारतेय. लपवत असलास तर चालेल मला. दुसरं असेल तर कळवू नकोस. मी अपेक्षाला सांगितलं, गोपालला मावसबहीण नाही. तिनं दोनदा माफी मागितली आणि फोन ठेवला. नंबर चुकला होता, असं ती तुला सांगेल. म्हणून हे पत्र. नंबर बरोबर होता.

तुझीच (हे खोडणार होते, राहू दे),
दामिनी