पत्रिकेतलं नाव

वलगाव, ३ जानेवारी २०२४

चि. गोवर्धनले ताईचे अनेक आशीर्वाद.

तुही पत्रिका फोनवर आली रे! बाबाच्या तेरवीले भांडलो, तवापासून सात वर्सं तुहा शब्द नाही. वर गनपती, खाली लग्नाचं निमंत्रन. तुह्या घरी लग्नाची पोरगी वर्षालीच, अजून कोन? मी वावरातच रडली.

उघडाले गेली तर फोन इचारतच राहिला, हे चालू करू का, मेसेज वाचू का. आत्या म्हनून माहं नाव छापलं का, एवढंच पाहाचं होतं. साऱ्याले हो, हो करत गेली. मेली पत्रिका उघडलीच नाही.

तारीख कळव. हळदीसाठी झेंडूचे दोन वाफे राखून ठेवले. फोन कराची हिंमत होत नाही, म्हनून कागद. माया असू दे, बापा.

तुही बेबीताई

हिवरखेड, ११ जानेवारी २०२४

ती. ताईले सा. न.

आधी फोन बंद कर. बँकेत जाऊन खातं थांबवाले सांग. तुह्या पोराले, रोहितले दुसऱ्या फोनवरून सारे पासवर्ड बदलाले लाव. थे पत्रिका नाही ताई, चोरायचं अॅप आहे. मीही तसंच एक उघडलं अन् माह्या नंबरवरून थे साऱ्यायले गेलं. मी काहीच धाडलं नव्हतं. फोन कराची माहीही हिंमत झाली नाही, म्हनून कागदच.

कसं लिहू? वर्षालीचं लग्न मागच्या वैशाखात झालं. पोरगी म्हने, आत्याचं नाव टाका. मीच नाही म्हटलं. माफी मागाले तोंड नाही.

रागाव, पन पत्र टाक.

लहाना गोवर्धन

वलगाव, १९ जानेवारी २०२४

चि. गोवर्धनले आशीर्वाद.

तुहं पत्र आलं तवा खातं साफ झालं होतं. फुलं इकून जमवलेले दोन सालचे पैसे होते. रोहितनं पासवर्ड बदलले, तक्रार दिली. ठान्यातले म्हनतात, पैसे आता वापस भेटनं कठीन. सात वर्सांत तुह्या घरचं एकच बलावनं आलं, थेही चोरायनं धाडलं. लय जीव दुखला रे.

झेंडू झाडावरच सुकला. मंडईत कोनी घेतला नाही, ढोरायपुढे टाकला. वर्षालीले माहे आशीर्वाद सांग, सुखात राह्य म्हनाव.

रोहित रागावला. म्हने, ओळखीच्या नंबरवरून आली तरी आधी फोन करून इचाराचं असते, तुम्हीच धाडली का म्हनून. त्याचं बरोबर आहे. पन तुले फोन करता आला असता, तर मी पत्रिकेत माहं नाव काहून पाह्यलं असतं?

बेबीताई