शेजारच्या गावचा मुक्काम

माय,

तुला लिहायला बसले खरी, पण तुला वाचता येत नव्हतं हे पहिल्याच ओळीला आठवलं. कुणाचा कागद आला की तू मला समोर बसवायचीस आणि म्हणायचीस, 'हळू वाच, मले समजू दे.' म्हणून हळूच लिहिते आहे. तू जाऊन वीसेक वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुझी आठवण पुष्कळदा आली, पण या आठवड्यात आली तशी कधी आली नव्हती.

मी हिंगोलीत असते आणि घरी बसूनच काम करते. ते काम नेमकं काय, हे माझ्या शेजारणींना आजपर्यंत समजलेलं नाही. तुला मात्र लगेच समजलं असतं. युरोपात काही देश आहेत, तिथं ठरलेली रक्कम गुंतवली की राहायचा परवाना मिळतो. कुठं घर घ्यावं लागतं, कुठं फंडात पैसा टाकावा लागतो. कुणाला जायचं असलं की मी शेजारशेजारच्या देशांचा तक्ता मराठीत करून देते. वर्षातले किती दिवस तिथं राहिलंच पाहिजे, नवराबायको दोघांना जाता येतं का, मधेच निघून आलं तर परवाना टिकतो का, असं सगळं. पुण्याच्या एका कंपनीनं मला इंग्रजी चांगलं म्हणून घेतलं. तुलना करायला मी कुणाकडून शिकले, ते त्यांना ठाऊक नाही.

दिवाळी झाली की आपण मेंढरं घेऊन इथल्याच, हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पुढं निघायचो. ज्याच्या रानात मेंढरं बसवायची त्याच्या जमिनीला खत मिळायचं, आपल्याला मुक्काम आणि वर थोडं धान्य. म्हणजे गुंतवणूक करून राहणारी माणसं आपणही होतोच, फक्त आपली गुंतवणूक लेंड्यांची होती! गावात गेलं की बा पारावरच्या मोठ्या माणसांशी बोलायचा आणि तू घागर घेऊन सरळ विहिरीवर जायचीस. बायका पाणी शेंदताहेत, तू बाजूला उभी आहेस, पदर सावरत विचारते आहेस, 'पानी कवापर्यंत पुरतं बाई? कुत्रे मोकळे असतेत का? अन् लेकरू आजारी पडलं त कोनाचं दार वाजवावं?' तिसऱ्या प्रश्नाला बायका आधी हसायच्या, मग एकमेकींकडे बघायच्या. त्या बघण्यावरून तू ठरवायचीस की इथं किती दिवस राहायचं. बा चिडायचा, पण तुझं ऐकायचा.

मी अकरा वर्षांची झाले तेव्हा तू मला पहिल्यांदा एकटीला पुढं पाठवलंस. पुसेगावच्या ज्या शेतकऱ्याच्या रानात आदल्या वर्षी आपण बसलो होतो, त्याला यंदाचं विचारून यायचं होतं. मी परत येऊन सांगितलं, 'या म्हनले, मागल्यासारखंच.' दुसऱ्या दिवशी सगळा कळप घेऊन आपण तिथं पोचलो, तर रानात कमरेएवढी हळद उभी! त्या माणसाच्या विहिरीला पाणी लागलं होतं आणि त्यानं पीक बदललं होतं. बा त्याच्यावर तुटून पडला. 'शब्द देऊन फिरता काहून?' तो बिचारा सांगत होता, 'माझ्याकडं कोनी आलंच न्हाई हो.' सांगताना तो माझ्याकडे बघत होता. तू मला बाजूला घेऊन एकच विचारलंस, 'इचारून आलीस का आठवून?' मी म्हटलं, इचारून. तू माझ्याकडं नीट बघितलंस, मग बापुढं जाऊन म्हणालीस, 'त्याह्यले बोलू नका. माझंच चुकलं. मागल्या साली होतं त आवंदा बी असंल, असं मीच धरून चालले.' बानं तुला चारचौघांत नाही नाही ते ऐकवलं. त्या दिवशी आपल्याला उलटं चार कोस चालावं लागलं, दोन कोकरं लंगडायला लागली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी बांधून देत तू म्हणालीस, 'जाय, पुढच्या गावाला तूच जाय.' त्याबद्दल तुझे किती उपकार मानू, मला सांगता येत नाही. तेव्हा मला घरी बसवलं असतंस तर मी कायमची बसले असते.

आता या आठवड्याचं सांगते. इथल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याची एकुलती एक मुलगी स्पेनमध्ये नोकरी करते. तिला बाळ झालं आहे. नवराबायको दोघांनाही आता तिच्याजवळ राहायचं आहे. कुणीतरी त्यांना सांगितलं, शेत विका, तिकडं घर घ्या, परवाना मिळतो. स्पेनमध्ये जमलं नाही तर शेजारी पोर्तुगाल आहेच. शेताला गिऱ्हाईक मिळालं होतं आणि सोमवारी इसार घ्यायचा होता. मी तक्ता केला, पण स्पेनचा रकाना जुन्या तक्त्यातून जसाच्या तसा उचलला. तक्ता पाठवल्यावर व्यापाऱ्याच्या बायकोचा, काकूंचा फोन आला. 'ताई, तुमी तिथं कोनाला इचारलं का हो? का कागदावरूनच?' आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'हो, विचारलं ना.'

फोन ठेवला. पन्नाशीची बाई मी, आणि उत्तर अकरा वर्षांच्या पोरीचं दिलं. मग मात्र पुण्याच्या कार्यालयाला न विचारता, आमच्याच मार्फत तिकडं गेलेल्या नांदेडच्या एका बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, स्पेननं घर घेऊन परवाना द्यायचं बंदच केलंय. पोर्तुगालचं दार उघडं आहे, वर्षाकाठी आठवडाभर राहिलं तरी चालतं, पण घर घेतलेलं आता तिथंही धरत नाहीत, फंडात पैसा घालावा लागतो. आणि खरी मेख पुढंच होती. पोर्तुगालच्या परवान्यावर स्पेनमध्ये सहा महिन्यांतले तीन महिने पाहुण्यासारखं जाता येतं, राहता येत नाही. शेजारच्या गावात मुक्काम मिळाला म्हणून या गावात मेंढरं बसवता येत नाहीत, हे मला कुणी नव्यानं सांगायला नको होतं. मी स्पेनमधल्या एका वकिलाकडून खात्री करून घेतली आणि रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेले.

काकूंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. 'म्हंजी शेत बी गेलं असतं अन् लेक बी दूरच राहिली असती?' मी म्हटलं, हो. मग त्यांना सांगितलं, की उत्पन्न दाखवून, तिथं नोकरीधंदा न करता राहण्याचा स्पेनचा एक वेगळा परवाना आहे. तुमच्या गोदामांचं भाडं येतं, त्यावर बसतं का ते बघू, पण त्यासाठी शेत विकायची गरज नाही. आणि न विचारताच मी तुझा तिसरा प्रश्नही त्यांच्यापुढं ठेवला : तिकडं तुम्ही आजारी पडलात तर दवाखाना कसा, भाषा कशी, मुलगी कामावर असेल तेव्हा कोण येईल. काकू म्हणाल्या, 'हे त कोनी बोललंच न्हाई आमाले.' सोमवारी त्यांनी इसार घेतला नाही. निघताना त्यांनी माझा हात धरला. 'बरं झालं ताई, तुमी आधी इचारलं होतं.' मी मान डोलावली. आधी विचारलं नव्हतं, हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

गिऱ्हाईक हातचं गेलं म्हणून कंपनीवाले नाराज आहेत, पुढचं काम देतील की नाही माहीत नाही. त्याचं मला फार वाटत नाही. काकूंना खरं काय ते उद्या जाऊन सांगणार आहे. पण त्याआधी तुला सांगायला हवं, म्हणून हा कागद. तो कुठं पाठवायचा नाहीच, तक्त्यांच्या फायलीत ठेवून देईन.

पुसेगावच्या त्या माणसाकडे मी गेले नव्हते, माय. गावाच्या अलीकडं बोरी पिकल्या होत्या. तिथंच बसले, ओटीभर बोरं खाल्ली आणि ऊन कलल्यावर माघारी आले. तो खरं बोलत होता, आणि बोलणी तू खाल्लीस. त्यानंतर मी कुठूनही आले की तू तेवढंच विचारायचीस, इचारून आलीस का आठवून, आणि मी दरवेळी खरं सांगायची.

त्या एका दिवशी मात्र आठवून आले होते.