सहा म्हणजे सहा

४ मार्च

चि. टिटवीस, आत्याचे अनेक आशीर्वाद.

काल दुपारी भाजी निवडताना रेडिओ लावला होता. एका मोठ्या हॉस्पिटलातली नर्स नाव न सांगता बोलत होती. आवाज यंत्राने बदललेला, रांजणात तोंड घातल्यासारखा. काचेच्या पेटीतल्या दोन बाळांमागे एक नर्स हवी, तिथे सहांमागे एकच आहे, असं तिचं म्हणणं. मग तिने मुलाखत घेणाऱ्यालाच दटावलं, की काय ऐकलंत ते परत सांगा. त्या बिचाऱ्याने मुकाट सांगितलं आणि माझ्या हातातली सुरी थांबली.

आवाज बदलला तरी खोड कुठे जाते? दुकानात पाठवताना मी तुझ्याकडून सामान वदवून घ्यायचे, ते टेलिफोन एक्स्चेंजमधलं माझं वळण. तू ते वॉर्डात नेलंस, आता रेडिओवर.

मी ओळखलं तर तुमचे साहेब ओळखणार नाहीत? बाई, मी जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, स्वतः चकार शब्द काढला नाही, म्हणून सुखाने पेन्शन खाते आहे. माफी मागून मोकळी हो.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी आत्या


९ मार्च

ती. आत्यास, साष्टांग नमस्कार.

तुझा कान अजून एक्स्चेंजचाच आहे. हो, मीच ती. आमच्याकडे औषधाचा डोस ऐकणाऱ्याने परत सांगितल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही. निवेदकाच्या तोंडून सहाऐवजी चार निघाले असते तर सगळंच मुसळ केरात, म्हणून सवयीने बोलून गेले. ही सवय वॉर्डात सगळ्यांना मीच लावलीय, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी साहेबांचं बोलावणं आलं.

भावनेच्या भरात चुकीचं बोलले, नर्स पुरेशा आहेत, असं सोमवारी रेडिओवर जाहीर करायचं, मग प्रकरण मिटवू म्हणाले. मी विचारलं, सहा हा आकडा खोटा आहे का? साहेब खिडकीकडे बघत बसले आणि मेट्रनबाई चष्मा पुसत राहिल्या.

गेल्या महिन्यात मी एका पेटीपाशी असताना पलीकडच्या बाळाचा श्वास थांबला. धावले म्हणून वाचलं. पुढच्या वेळी पोचेन याची खात्री नाही. तेव्हा सोमवारी जातेय, पण स्वतःच्या नावाने आणि आवाजाने तेच सांगायला. नोकरी गेली तर तुझ्या घरी येऊन पडेन.

भीती वाटतेय, आत्या. हे तुझ्याशिवाय कोणाला लिहू? असाच जीव लाव.

तुझी टिटवी


१३ मार्च

चि. टिटवीस, आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस तुझ्या नावाने भांडी आपटली. मग ते पलीकडच्या पेटीतलं बाळ डोक्यातून जाईना. तुमचे साहेब खिडकीकडे बघतात, मग तू तरी बाळांकडे बघायला हवंच.

मागची खोली झाडून घेतली आहे. आता दुकानात पाठवायचे तसं नीट ऐक. सहा म्हणजे सहा. माफी मागायची नाही. खोली तयार आहे. परत सांग.

आत्या


१९ मार्च

ती. आत्यास, नमस्कार.

सहा म्हणजे सहा. माफी मागितली नाही. खोलीत शनिवारी सामान घेऊन येते, कारण काल कामावरून काढलं.

रडू आलं, पण ते संध्याकाळपर्यंतच. संध्याकाळी रेडिओवाले माझ्या सोमवारच्या बोलण्यावर श्रोत्यांचे फोन घेत होते. पहिलाच फोन मेट्रनबाईंचा. नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, आणि म्हणाल्या की त्या नर्सने सांगितलेलं मी परत सांगते.

तुझी टिटवी